गीत : पारंपरिक

उज्वला ढेबे हिने स्वतःचा चेहरा लपवायचे ठरवले, तेव्हा त्यामागे कलेचा कोणताही सिद्धान्त नव्हता. सिद्धान्त पुढे इतरांनी पुरवले. त्यांच्याकडे ते मुबलक होते. तिच्याकडे होते ते केवळ दात. पिरंगुटच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणे खोक्यांत भरता भरता तिने एक गाणे रचले, मोबाईलसमोर उभे राहून म्हटले आणि जगापुढे टाकले. जगाने त्याखाली जे लिहिले ते जवळजवळ सगळे तिच्या पुढे आलेल्या दातांविषयी होते. काहींनी रंगाविषयीही लिहिले. गाण्याविषयी एकानेच लिहिले होते : आवाज बरा आहे, डोळे मिटून ऐका.

तिने तो व्हिडिओ पुसून टाकला. सल्ला मात्र ठेवून घेतला. लोकांचे डोळे मिटवणे तिच्या हातात नव्हते, स्वतःचे तोंड मिटवणे होते.

ताम्हिणीच्या धनगरवाड्यात तिच्या घरी आढ्याला एक जुने इरले टांगलेले होते : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर दाबून बसवलेली पाने, डोक्यावरून पाठीवर उतरणारे. धो धो पावसात वाकून भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करणाऱ्या बाईची पाठ त्याने कोरडी राहत असे. प्लास्टिकचा कागद आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हते. त्यात कोंबडी अंडी घालायची. उज्वलाने कोंबडीला दुसरी जागा दिली आणि त्या मापाने नवे इरले बांधले, पण पुढून छातीपर्यंत उतरलेले. पानांऐवजी तिने कारखान्यात नापास होऊन टाकून दिलेली निळी झाकणे तारेत ओवली, त्यांवर जळके ऑईल फासले. हालले की ते इरले खुळखुळत नसे. दात खाल्ल्यासारखे करकरत असे.

त्याच्या आत जी बाई राहणार होती तिचे नाव इरली. इरलीचे नियम उज्वलाने एकेक करून ठरवले, आणि ठरवताना ती जितकी सुखी होती तितकी आधी वा नंतर कधी झाली नाही. इरली बोलत नाही, फक्त गाते. इरली कधी ताठ उभी राहत नाही. कमरेत वाकलेलीच असते. आणि आवणीच्या बाया जशा रोप खोचत मागे मागे सरकतात, तशी इरली नेहमी उलटी चालते. ती कुठे जाते आहे हे तिला दिसत नाही. तिच्या जगात खाचरातले पाणी काळे आहे आणि पाऊस जमिनीतून वर पडतो. हे सगळे तिने घरामागच्या खाचरात, एका मैत्रिणीच्या मोबाईलवर, कुणाच्याही परवानगीशिवाय उभे केले.

आई, अंबाबाई, शेळ्या घेऊन परतली आणि बांधावर थबकली.

"ही कोन गं अवदसा?"

"आये, मीच हाय."

"मंग तोंड कुटं हाय?"

"तिला तोंड न्हाई."

अंबाबाईने शेळ्यांचे दोर हातात तसेच धरून इरले वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "बरंय की," ती म्हणाली. "तोंडावरनं वाद व्हायचा न्हाई. पर लगीन कसं व्हायचं बयेचं?"

इरली मोबाईलवरून पाहता पाहता पुण्यामुंबईच्या तरुणांच्या तोंडी झाली. त्यांना ती भीषण वाटली, प्राचीन वाटली, आणि मुख्य म्हणजे आपली वाटली. जे आपण कधी पाहिले नाही ते आपले वाटण्याची सोय शहरांत चांगली असते. तिच्या पहिल्या गाण्याच्या दोन ओळी मुलींनी ओढण्यांवर छापून घेतल्या :

हात चालं, डोळं मिटं, कुनाचं गं अंग?
रांगंतल्या बाईला गं न्हाई रूप, न्हाई रंग.

मग मनीष आला. एका संगीत कंपनीत तो नवी नाणी शोधायचे काम करत असे. त्याला इरली हवी होती, तिचे काळे पाणी आणि वर पडणारा पाऊस मोठ्या रंगमंचावर हवा होता. पिरंगुटच्या एका हॉटेलात बसून त्याने सहज विचारले, "आणि गाणी? लिहिली कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते. उज्वलाने तो शब्द तोंडात आणला आणि गिळला. लाज वाटली म्हणून नव्हे, कारागिरी म्हणून. जिला तोंड नाही, गाव नाही, तिच्या गाण्यांखाली झाकणे भरणाऱ्या उज्वला ढेबेचे नाव म्हणजे इरल्याखालून चपला दिसण्यासारखे होते. तिने वेषाचे शेवटचे भोक बुजवले.

"जुनी आहेत," ती म्हणाली. "आमच्या बायका आवणीला म्हणतात. पहिल्यापासून."

"पारंपरिक!" मनीषने टेबलावर थाप मारली. "अगं, हे सोनं आहे. आधी नाही का सांगायचं?"

त्या दिवसापासून प्रत्येक गाण्याच्या शेवटी, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, दोन शब्द येऊ लागले : गीत : पारंपरिक. उज्वलाला ते फार शोभून दिसले. तेच शब्द असलेल्या कंपनीच्या करारावर तिने सही केली, तीही हसत.

खोट्याची निगा राखावी लागते. वाहिन्यांचे लोक ताम्हिणीत यायला लागले तेव्हा उज्वलाने वाड्यावरच्या बायांना गाणी शिकवली आणि बजावले, "कॅमेरा आला की म्हनायचं, आमी ल्हानपनापासनं म्हनतो." बायांना त्यात वावगे काही वाटले नाही. आवणीच्या रांगेत एकीने ओळ सुरू करायची, दुसरीने उचलायची, तिसरीने तिला शेपूट जोडायचे, आणि ओळ कोणाची हे विचारायचे नाही, ही त्यांची रीतच होती. सगळ्यांची तोंडे चिखलाकडे असतात. कोण गाते आहे हे शेजारणीलाही धड कळत नाही. उज्वलाने त्या रीतीतून इरली काढली होती. रीत आपलाही हिशेब करील, हे तिच्या ध्यानात आले नाही.

आणि मग डॉ. हैबतराव मोहोळकर आले. लोकसाहित्यात त्यांचा अधिकार मोठा होता. लोकांना त्याची माहिती नव्हती, साहित्याला होती. त्यांनी एका दुपारी अंबाबाईकडून दोन गाणी ऐकली, डोळे मिटून मान डोलावली, आणि वर्ष उलटायच्या आत त्यांचा चाळीस पानांचा निबंध छापून आला. गाण्याचा ठेका हा वाकणे, खोचणे आणि मागे सरकणे या कृषिविधीचा आदिम ठेका होय, हे त्यात सिद्ध झाले होते. 'कुनाचं गं अंग' ही ओळ पर्जन्यदेवतेच्या संचाराची साक्ष होती. वास्तविक तो ठेका झाकणांवर दाब देणाऱ्या यंत्राचा होता, आणि अंग कोणाचे हा प्रश्न तिसऱ्या पाळीत डुलकी लागलेल्या बाईला रोज पडतो. उज्वलाने निबंध इरल्याच्या आत बसून वाचला आणि पोट धरून हसली. तिचे ते शेवटचे निखळ हसू.

कारण पुढच्या हिवाळ्यात तिने मनीषला सांगितले की नवे गाणे कारखान्यावरचे आहे, इरली त्यात यंत्राच्या रांगेत उभी राहील, आणि खाली माझे नाव येईल. मनीषने कपाळाला आठ्या घातल्या. इरलीला कारखाना शोभत नाही, तो म्हणाला. ती आदिम आहे. शब्दाला शब्द वाढला. उज्वलाने पुण्यातल्या कार्यक्रमाला येणार नाही म्हणून कळवले आणि ताम्हिणीला घरी जाऊन बसली. आपल्याशिवाय कार्यक्रम होणार नाही, अशी तिची समजूत होती. आपण जे घडवले त्याची ताकद घडवणाऱ्यालाच सर्वांत कमी ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांना पाला टाकताना तिने मोबाईलवर इरली पाहिली. वाकलेली, उलटी चालणारी, निळ्या झाकणांची. आवाज उज्वलाचाच, ध्वनिमुद्रित. तोंडच दिसत नसल्यामुळे ओठ जुळवण्याची अडचण नव्हती. मैदानभर तरुण तिच्या गाण्यावर वाकून मागे मागे सरकत होते.

मनीषने तिला कचेरीत चहा पाजला.

"काल स्टेजवर कोण होतं?"

"इरली."

"मी घरी होते."

"हो ना. तू घरी होतीस, इरली स्टेजवर होती." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "दिशा नावाची मुलगी आहे. नाच शिकलेली. चांगली वाकते. उलटं चालताना एकदाही पडली नाही. तू दोनदा पडली होतीस."

"इरली मी केलीय, मनीष. ते इरलं माझ्या हातांनी…"

"केलंस, आणि आम्हाला दिलंस. सही आहे तुझी. पात्र कंपनीचं."

"आणि गाणी?"

"ती तर लोकांची," मनीष म्हणाला, आणि हे तो मनापासून, काहीसे भक्तिभावाने म्हणाला. "तूच सांगितलंस. डॉक्टरांनी सिद्ध केलं. पात्र कंपनीचं, गाणी लोकांची. आता त्यात तुझं नेमकं काय आहे ते दाखव, मी आत्ता देतो."

ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला आदराने बसवले, तिचे सगळे ऐकून घेतले, ठेका यंत्राचा होता हेही. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पण हे तर माझ्याच म्हणण्याला बळ देतं, उज्वलाताई! यंत्राच्या खडखडाटातही तुमच्या नेणिवेला आवणीच ऐकू आली. तुम्हाला वाटतं, आपण रचलं. तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तुमच्या समाजात गाणं कोणी रचत नसतं, ते वाहत येतं. तुम्ही माध्यम आहात. केवढं भाग्य!"

आपल्याला खोटे पाडता येणार नाही अशी व्यवस्था विद्वत्तेने स्वतःच करून ठेवलेली असते. उज्वला जिना उतरताना विचार करत होती की या माणसाच्या स्वतःच्या निबंधाखाली 'पारंपरिक' असे छापले तर तो काय करील. निम्मा निबंध तरी तसाच होता.

पिरंगुटचे वकील शेखर यांनी प्रकरण वाचून नाक खाजवले. ते सरळ बोलणारे गृहस्थ होते.

"तुमचा पहिला व्हिडिओ असता तरी त्यानं एवढंच दिसलं असतं, की तुम्ही गायलात. रचलंत, हे नाही. गाणं अर्धंमुर्धं असताना कोणी ऐकलंय? शब्द बदलताना, अडताना?"

"आईनं," उज्वला तत्काळ म्हणाली. "पाळी संपवून यायचे, चुलीपाशी बसून म्हणून दाखवायचे. दुसरी ओळ कितीतरी दिवस जमत नव्हती."

"मग आईचा जबाब घेऊ. तेवढाच आधार आहे. तो टिकला तर गाणी तुमची, आणि गाण्यांशिवाय त्यांच्या इरलीला फक्त चिखल."

शेखर आले त्या दिवशी अंबाबाई वाहिन्यांसाठी घेऊन ठेवलेले हिरवे नऊवारी नेसली होती. तिला ओसरीवर बसवले, समोर कॅमेरा लावला. उज्वलाने आदल्या संध्याकाळी तिला सगळे नीट समजावले होते आणि तिने सगळ्याला व्हय, व्हय म्हटले होते.

"मावशी," शेखर म्हणाले, "हे गाणं तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलं?"

अंबाबाईने पदर सावरला, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमी ल्हानपनापासनं म्हनतो."

"आये!" उज्वला पुढे सरकली. "अगं, आज ते न्हाई. आज खरं सांगायचं. काल बोललो की आपन."

"खरंच सांगतीया की."

"मावशी, घाई नाही," शेखर म्हणाले. "कोणाकडून ऐकलंत?"

अंबाबाईचा आवाज उतरला, आणि आता ती कॅमेऱ्याशी बोलत नव्हती.

"माज्या आयेकडनं. ती खाचरात वाकलेली. मला बांधावर ठिवलेलं, फडक्यात गुंडाळून. इरल्याखालनं तिचं तोंड दिसत न्हाई, निसता आवाज येतुया. हात चालं, डोळं मिटं… ह्येच. मला आटवतंय, सायेब." तिने डोळे पुसले. "आदी न्हवतं आटवत. पोरीनं ही गानी काढली, टीव्हीवाल्यांना सांगता सांगता मला माजी आय आटवली."

अंबाबाई रांगती होती तेव्हाच तिची आई, उज्वलाची आजी, गेली होती. तिचा फोटो नव्हता, लुगडे नव्हते, तिची एकही गोष्ट घरात कोणी सांगत नसे; ती कशी होती हे सांगणारे माणूसच उरले नव्हते. आता तिला आवाज होता. तो उज्वलाने पुरवला होता, खोट्यासकट.

गप्प बसावे, असे तिला क्षणभर वाटले. पण गप्प बसले की सगळे गेले.

"आये, आज्जी गेली तवा तू रांगत हुतीस."

"व्हय. पर कानाला याद ऱ्हाती."

"ते गानं मी केलंया. फॅक्टरीत. हितं चुलीम्होरं मी म्हनून दावलं, तर तू म्हनलीस, 'कसलं रडगानं म्हनतीस, झोप आता.' आटवतंय का? आटव की गं. दुसरी वळ मला घावत नव्हती. तू भाकरी थापत हुतीस. बग, तुज्या हातावर चटका बसला त्या दिशी."

अंबाबाईने आपल्या हाताकडे पाहिले. तिने खरोखर प्रयत्न केला. न्यायाने वागणारी बाई होती ती. चटका तिला आठवला.

"तू म्हनलं असशील," ती म्हणाली. "न्हाई म्हनत न्हाई मी. म्हनलं असशील. पर केलं?" तिने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि, पोराने बाजारातली वस्तू उचलून माझी म्हटल्यावर आई समजूत घालते त्या सुरात, विचारले, "उजे, येवडं मोटं गानं तुज्या पोटात कुटनं येनार गं?"

डॉक्टर मोहोळकरांना यासाठी चाळीस पाने लागली होती.

शेखर यांनी कॅमेरा बंद केला. शेळ्या ओरडत होत्या. ते चपला घालताना उज्वलाला हळूच म्हणाले, "हे मी कुठं दाखवणार नाही. पण दुसरं आपल्याकडे काही नाही, हे तुम्हाला कळतंय ना?" तिने मान हलवली.

ते गेल्यावर अंबाबाईने नऊवारीच्या निऱ्या नीट करत विचारले, "बरं झालं का गं? चुकलं तर न्हाई ना काई?"

"लई बरं झालं," उज्वला म्हणाली.

तिने प्रकरण सोडले. कारखान्यात तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई उभी होती. पावसाळ्यात जवळच्या रिहे खोऱ्यातल्या एका फार्महाऊसवर शहरी पाहुण्यांसाठी आवणी महोत्सव भरायला लागला होता. लोक नाश्ता करून खाचराच्या कडेला छत्र्या घेऊन उभे राहत आणि बाया रोप लावत. बायांना दिवसाची मजुरी मिळे आणि प्रत्येकीला नवे कोरे इरले मिळे, कारण पाहुण्यांना प्लास्टिकचे कागद नको असत. इरलीचे व्हिडिओ पाहूनच ते आलेले असत. ज्या इरल्यात कोंबडी अंडी घालत होती त्याला उज्वलाने पुन्हा माणसाच्या डोक्यावर आणले होते. तालुक्यातल्या कामट्या विणणाऱ्यांना आता मागणी पुरवता येईनाशी झाली होती.

अंबाबाई या महोत्सवाला हौसेने जायची. तिच्याबरोबर उज्वलाही गेली. तिला इरले चढवणाऱ्या पोरीने, "मावशी, जरा पुढून खाली ओढा, तोंड दिसतंय," असे सांगितले. तिने ओढले.

पाऊस जोरात होता. रांग वाकली. कोणीतरी 'हात चालं, डोळं मिटं' सुरू केले आणि काठावरून टाळ्या पडल्या. ओळ रांगेतून सरकत, एकीकडून दुसरीकडे जात उज्वलापाशी आली. पुढची तिने म्हणायची होती. कितीतरी दिवस न जमलेली ती ओळ तिने म्हटली : रांगंतल्या बाईला गं न्हाई रूप, न्हाई रंग.

रांग अडखळली.

"तशी न्हाई गं ती," शेजारचे इरले म्हणाले. आत कोण होते ते कळायला मार्ग नव्हता. "कुनाकडनं शिकलीस? 'पावसाच्या देवाशी गं लागला मला संग,' आसं हाय ते. मोबाईलवर बग की."

कंपनीने ती ओळ बदलली होती. डॉक्टरांच्या निबंधाला आता पुरावाही मिळाला होता.

"व्हय," पलीकडून आणखी कोणी म्हणाले. हा आवाज तिच्या आईचा होता. "माजी आय तशीच म्हनायची."

काठावर एका पाहुणीने मोबाईल पुढे केला होता. उज्वलाने मूठभर रोप घेतले, चिखलात खोचले, एक पाऊल मागे सरकली आणि सांगितले तसे म्हटले.